माल्ट गाळायच्या पिशवीला स्वस्त कापड कुठलं घेऊ? सोलापुरात मिळेल असं सांगा

जुळेसोलापूर_किचन

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, वेळ काढून वाचा प्लीज. मी घरी जवाचं माल्ट करते. जव म्हणजे सातू, सालीसकट घ्यायचे, भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे आणि ती भरड ६५ डिग्रीच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवायची की धान्यातल्या पिठाची साखर होते आणि पाणी चक्क गोड लागायला लागतं. ते पाणी गाळून आटवलं की काकवीसारखा पाक तयार. ब्रेडमध्ये घालते, पोरं दुधात घालून पितात. यंदा जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळेस थंडी चांगली होती तेव्हा मोड एकसारखे आले, उन्हाळ्यात आपल्याकडे त्याला बुरशीच धरते म्हणून चार किलो एकदमच करून डब्यात भरून ठेवलंय.

अडलंय ते गाळण्यापाशी. पहिल्या वेळेस चक्का बांधायचा पंचा घेतला. दोन मिनिटं धार लागली आणि मग नुसते थेंब. वरून बघितलं तर कापडाला आतून खळीसारखा बुळबुळीत थर बसलेला, मी आणि सासूबाई दोघींनी दोन टोकं धरून पिळलं, हात पोळले पण निम्मं गोड पाणी चोथ्यातच राहिलं. पंचा सोड्याने धुतला तरी तिसऱ्या दिवशी आंबट वास. दुसऱ्या वेळेस घरातली जुनी मच्छरदाणी कापून दुहेरी करून घेतली तर बारीक भरड सगळी खाली उतरली, तळाला बसली आणि आटवताना लागली. दोन किलो माल्टचा पाक करपट झाला, टाकून द्यावा लागला, फार वाईट वाटलं कारण मोड आणण्यापासून वाळवण्यापर्यंत आठवडा जातो त्यात.

परदेशातले घरी बियर करणारे लोक एका मोठ्या पिशवीत सगळं धान्य घालून ती पिशवीच पातेल्यात सोडतात आणि शेवटी पुरचुंडीसारखी वर उचलतात असा व्हिडिओ बघितला. मला तशीच पिशवी शिवायची आहे. ऑनलाइन तयार मिळते पण किंमत बघून बंद केलं. माझं पातेलं १२ इंच व्यासाचं आणि १२ इंच उंच आहे, एका वेळेस दोन किलो भरड आणि आठ-दहा लिटर पाणी. कापड कुठलं घेऊ, चादरी-टॉवेलच्या गावात काहीतरी मिळायलाच पाहिजे ना?

एकेकाळी_मेलबर्न

ताई, मी मूळचा साखर पेठेतला, मध्ये सहा वर्षं ऑस्ट्रेलियात होतो आणि तुम्ही बघितलेली पद्धत तिकडच्याच लोकांनी २००० नंतरच्या दशकात रूढ केली. ब्रू इन अ बॅग म्हणतात. तिकडे स्वतःपुरती बियर घरी करायला चालते, मी पण करायचो. इथे आल्यावर बंद केलं कारण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि लायसन्सशिवाय बियर करणं गुन्हा आहे, तुम्ही यीस्ट न घालता नुसता पाक आटवताय त्याचा याच्याशी संबंध नाही, निर्धास्त करा.

आता कापड. तिकडे सगळे एकच वापरतात, पॉलिस्टर व्हॉइल. म्हणजे खिडकीला जाड पडद्याच्या आत तो पांढरा झिरझिरीत पडदा असतो बघा, उजेड येतो पण बाहेरचं नीट दिसत नाही, तोच. विणीतली भोकं इतकी बारीक असतात की भरड आत राहते पण कापड पाणी पीत नसल्यामुळे पाणी अडत नाही. माझी पहिली पिशवी तर भाड्याच्या घरातल्या जुन्या पडद्याचीच होती, चाळीसेक वेळा वापरली असेल.

दुकानात दोन गोष्टी करून बघा. कापड तोंडाला लावून फुंकर मारा, हवा सहज आरपार गेली पाहिजे. आणि उजेडाकडे धरून दोन्ही हातांनी तिरकं ताणा, धागे सरकून फट पडत असेल तर ते घेऊ नका, भरलेली पिशवी उचलली की तिथूनच फाटतं.

आणि एक नक्की लक्षात ठेवा, गॅस चालू असेल तेव्हा पिशवी तळाला टेकता कामा नये. पॉलिस्टर २५० डिग्रीच्या वर वितळतं म्हणून उकळत्या पाण्यात त्याला काही होत नाही, पण तळाला साखरेचं पाणी असतं आणि वरून दोन किलो धान्याचं वजन, तिथे कापड चिकटलं की भोक पडलंच. माझं एकदा पडलंय. कुकरमधली जाळी किंवा स्टीलची ताटली उपडी टाका खाली, मग पिशवी सोडा.

पंचाच_बरा

मला नाही पटत हे. आमच्याकडे तीस वर्षं श्रीखंडाचा चक्का, आंबिलीचं गाळणं सगळं सुती पंचावर होतं. तुमची भरड बारीक झाली असेल म्हणून तुंबलं. पडद्याचं कापड खाण्याच्या वस्तूत कशाला घालायचं, त्याला काय काय रंग आणि पावडरी लावलेल्या असतात कोण जाणे.

माग_पूर्वभाग

पंचावाले दादा, तुमचं निम्मं बरोबर आहे, ते शेवटी सांगतो. आमचे आजोबा, वडील, मी, तिघांचं आयुष्य मागावर गेलं, आधी हातमाग, मग पॉवरलूम, आता मी टॉवेलच्या युनिटला आहे, त्यामुळे सुताचं थोडंफार सांगू शकतो.

सूत आहे ना, ते पाणी पितं. कोरड्या दिसणाऱ्या सुतात पण साधारण साडेआठ टक्के ओल असतेच, तेवढ्याच हवेत पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नसते. म्हणूनच टॉवेल सुताचा करतात, अंग कोरडं करायला ते पाहिजेच. पण गाळायला हाच गुण आडवा येतो. गरम पाण्यात सुताचा धागा फुगतो, उभ्या-आडव्या धाग्यांमधली जी फट असते ती धागाच भरून टाकतो, शिवाय सुतावर बारीक लव असते त्यात पीठ अडकतं. चक्क्याला हे चालतं कारण दही घट्ट असतं आणि रात्रभर टांगून ठेवायला आपल्याला घाई नसते. ताईंना ६५ डिग्रीचं पाणी पंधरा-वीस मिनिटांत उतरवायचंय. कामच वेगळं आहे. आणि आंबट वास पण त्यामुळेच, गोड पाणी धाग्याच्या आतपर्यंत गेलेलं असतं, वरून धुऊन ते निघत नाही.

मच्छरदाणीचं मात्र कृपा करून कोणी करू नका. ताई, तुमची साधी असेल तर ठीक, पण हल्ली औषध लावलेल्या मच्छरदाण्या येतात, काही सरकारी वाटपात पण मिळतात, त्यात डासांचं कीटकनाशक धाग्यातच भरलेलं असतं आणि धुतलं तरी वर्षानुवर्षं राहावं म्हणूनच ते तसं करतात. गरम पाण्यात, पोरांच्या खाण्यात ते नको.

आता दादांचं बरोबर कुठे आहे ते. पडद्याच्या कापडावर फिनिश असतं हे खरं. म्हणून पांढरं आणि साधं घ्यायचं, रंगवलेलं नको, छापील नको, चकाकणारं जरीचं नको, मागे रबरासारखा लेप असलेलं तर अजिबात नको. आणल्यावर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात तासभर, मग साध्या पाण्यात दोनदा उकळायचं, दुसऱ्या उकळीचं पाणी वाटीत घेऊन वास घ्या, कसलाही वास यायला नको. मुळात पॉलिस्टर म्हणजे पाण्याची बाटली करतात तेच प्लास्टिक, धागा काढलेलं. पण ताई, हा पाक तुम्ही विकणार असाल तर मात्र फूड ग्रेड लिहिलेली फिल्टरचीच पिशवी घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

भरडीचं पण दादा बरोबर बोलले. पीठ करू नका. दाणा तीन-चार तुकड्यांत फुटला पाहिजे आणि साल शक्यतो अख्खी राहिली पाहिजे, ती सालच आतून चाळणीचं काम करते.

जुळेसोलापूर_किचन

सगळ्यांचे आभार, मच्छरदाणीचं वाचून धसकाच घेतला, उरलेले तुकडे टाकून दिले.

काल चाटी गल्लीत गेले होते. चुकले ते सांगते म्हणजे दुसरं कोणी चुकणार नाही. पहिल्या दुकानात मी सरळ व्हॉइल द्या म्हणाले, त्यांनी लगेच पांढरा गठ्ठा काढला, झिरझिरीत, मऊ, मला वाटलं हेच. मापायला घेतलं आणि तेवढ्यात विचारलं की पॉलिस्टर आहे ना, तर म्हणाले नाही ताई प्युअर कॉटन, अस्तराला सगळे हेच नेतात. म्हणजे आपल्याकडे वॉयल म्हटलं की रुबियासारखं सुती कापड देतात! नाव तेच, माल उलटा. घेऊन आले असते तर परत पंचाचीच कथा झाली असती.

मग शेजारी पडद्याच्या दुकानात गेले, तिथे वॉयल शब्दच काढला नाही, पांढरा पॉलिस्टर नेटचा पडदा आतून लावायचा, जाळी अगदी बारीक, असं सांगितलं. तिथल्या आजोबांनी तीन प्रकार दाखवले. एकाचं मोठं जाळं होतं, ते नको म्हटलं. एक टिश्यू का ऑर्गंझा काहीतरी कडक, ते तिरकं ताणलं तर खरंच धागे सरकले, फट पडली. तिसरं मऊ, घट्ट, फुंकर आरपार. आजोबांना विचारलं की हे नक्की पॉलिस्टर कशावरून, तर त्यांनी कडेचा एक धागा उपटला आणि काडी ओढून त्याला लावली. धागा जळला नाही, आक्रसला, काळा धूर निघाला आणि टोकाला मोहरीएवढा टणक काळा मणी झाला. मग शेजारच्या गठ्ठ्यातला सुती धागा जाळून दाखवला, तो कागदासारखा जळून राख झाली, बोटाने पुसली गेली. दोन्ही माझ्या तळहातावर ठेवले. आता जन्मात विसरणार नाही.

९० रुपये मीटर, ४८ इंच पन्हा. एक मीटर घेतलंय. आता शिवायचं कसं? टेलरकडे देऊ का घरी मशीन आहे त्यावर जमेल?

शिलाईकाकू_विजापूररोड

अगं टेलरकडे कशाला, घरीच कर, सरळ दोन शिवणींचं काम आहे. तुझ्या मापाचा हिशोब मांडते बघ. पातेल्याचा घेर म्हणजे १२ चा साधारण ३८ इंच. कापडाचा पन्हा ४८, तो दुमडलास की २४ इंच रुंद पिशवी, घेर भरला ४८, शिवणीत दोन गेले तरी ४६ उरतो म्हणजे पातेल्याच्या काठावरून बाहेर उलटवायला छान ढिली बसेल. खोली म्हणशील तर पातेल्याची उंची १२, तळ झाकायला अर्धा व्यास म्हणजे ६, काठावर उलटवायला ६, झाले २४, वर नेफ्याला आणि शिवणीला चार धर. २८ इंच. पाऊण मीटरमध्ये बसतं, उरलेल्या तुकड्यात मटकी मोड यायला बांधायची छोटी पिशवी होईल.

एक बाजू तर घडीमुळे बंदच, म्हणजे एक उभी शिवण आणि एक खालची. पण साधी शिवण मारू नकोस. आधी सुलट्या बाजूने पाव इंचावर टीप मार, मग पिशवी उलटी कर आणि पहिली टीप आत गाडली जाईल अशी परत मार. कापडाची कापलेली कड आत बंद होते, धागे सुटून पाकात येत नाहीत आणि आतमध्ये चोथा अडकायला जागा राहत नाही. खालचे दोन कोपरे तिरपे शिवून गोल करून टाक, टोकात पीठ साठून राहतं नाहीतर.

दोरा पॉलिस्टरचाच घे. सुती दोरा वापरलास तर कापड दहा वर्षं टिकेल आणि दोरा सहा महिन्यांत कुजेल. सुई बारीक, ९ किंवा ११ नंबर, जाड सुईने या कापडाला भोकं पडतात आणि धागा ओढला जातो. कापड पायाखाली फार सरकतं, शिवताना खाली वर्तमानपत्राचा कागद ठेव आणि नंतर फाडून काढ, पोरींना शिकवताना मी हेच सांगते.

उचलायचं काय? दोन किलो माल्ट ओलं झालं की निदान चार किलो होतं, वर निथळणारं पाणी धरून सहा-सात किलो हातात येतात, ते पण गरमागरम. नुसत्या नेफ्यातल्या नाडीवर उचललंस तर नेफा फाटेल. बॅगेला लावतात ती नायलॉनची पट्टी घे, पिशवीच्या तळाखालून अधिक चिन्हासारख्या दोन पट्ट्या घाल आणि वर चार टोकांना फास कर. वजन पट्टीवर येतं, कापडावर येतच नाही. शिवणीवर सगळं अवलंबून आहे गं, लोक कापडाचा विचार करत बसतात आणि फाटतं नेहमी शिवणीत.

एकेकाळी_मेलबर्न

काकू, पट्टीचं तुम्ही सांगितलंत ते मला तिकडे दोन पिशव्या फाटल्यावर कळलं होतं.

ताई, अजून एक, पिशवी उचलल्यावर हातात धरून उभ्या राहू नका. पातेल्यावर आडवी चाळणी ठेवा आणि पिशवी त्यात बसवा, दहा मिनिटं निथळू द्या, मग वरून ताटलीने दाबा. एक-दीड लिटर गरम पाणी वरून ओता, चोथ्यातली उरलेली साखर पण खाली येते.

मंगळवेढा_कोरडवाहू

विषय निघालाच आहे तर मध्येच विचारतो, आमच्याकडे घरची मालदांडी ज्वारी आहे, जवाऐवजी ज्वारीचं असं माल्ट होईल का, ह्याच पिशवीत?

माग_पूर्वभाग

कापडाच्या बाजूने काही अडचण नाही दादा, बाकी मला माहिती नाही, मेलबर्नवाले सांगतील.

एकेकाळी_मेलबर्न

होतं, पण दोन गोष्टी नीट वाचा. ज्वारीच्या कोंबात एक द्रव्य असतं ज्यातून सायनाईड सुटतं, जनावरांना कोवळी ज्वारी चारत नाहीत ते त्याच्यामुळेच. मोड आणले की ते कोंबात आणि मुळात वाढतं. त्यामुळे मोड आलेली ज्वारी पूर्ण वाळवून, हाताने चोळून, पाखडून कोंब-मुळं सगळी काढून टाकायची आणि मगच भरडायची. ओले ज्वारीचे मोड मटकीसारखे उसळीला वापरायचे नाहीत. दुसरं म्हणजे ज्वारीचं पीठ ६५ डिग्रीला नीट शिजत नाही, त्याला जास्त उष्णता लागते आणि तेवढ्या उष्णतेत साखर करणारा अंश मरतो. म्हणून साधी ज्वारी वेगळी कण्यांसारखी शिजवून घ्यायची, ६५ पर्यंत निवू द्यायची आणि त्यात थोडं जवाचं किंवा नाचणीचं माल्ट मिसळायचं. नाचणीचे मोड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सत्वासाठी करतातच, पहिल्यांदा करत असाल तर मी म्हणेन नाचणीनेच सुरुवात करा. फक्त माल्ट तव्यावर खमंग भाजू नका, भाजलं की साखर होणं बंद.

मंगळवेढा_कोरडवाहू

बरं झालं विचारलं. घरात सांगतो. जनावराचं माहिती होतं, माणसाच्या खाण्याशी कधी जोडलं नव्हतं.

जुळेसोलापूर_किचन

अपडेट द्यायला आले. पिशवी झाली! काकू, तुमच्या मापाने बरोबर बसली, काठावरून चार बोटं बाहेर उलटते, बाहेरून सुतळी बांधली म्हणजे आत घसरत नाही. कागद खाली ठेवून शिवायची युक्ती नसती सांगितली तर माझं मशीन ते कापड खाऊनच टाकत होतं. सोड्यात आणि मग दोनदा उकळून घेतली, पहिल्या पाण्यावर खरंच तवंगासारखं काहीतरी आलं होतं आणि नव्या कपड्याचा वास, दुसऱ्या वेळेस काही नाही.

काल दोन किलो लावलं. गिरणीत भरड करून घेतली, गिरणीवाल्या दादांना साल दिसली पाहिजे म्हणून सांगितलं होतं, त्यांनी पाट ढिला करून दिलं. खाली कुकरची जाळी टाकली. पाणी ७० ला असताना पिशवीत भरड सोडली, ढवळली की ६६ वर आलं, गॅस बंद करून पातेल्याला सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळून ठेवली, तासाने बघितलं तर ६३! चादरीचा हा उपयोग माहिती नव्हता. मग उचलली. पट्ट्यांवर उचलली तर पिशवीच्या सगळ्या बाजूंनी एकदम धारा लागल्या, पावसात पत्र्यावरून पागोळ्या पडतात तशा, आणि पाच मिनिटांत ओघ कमी झाला. सासूबाई बघायला उभ्या होत्या, त्यांनी वाटी खाली धरून चव घेतली आणि म्हणाल्या उसाच्या रसात दाणे भिजवल्यासारखं लागतंय.

खाली थोडी पांढरी गढूळ साय बसते, ती येतेच का? आटवायच्या आधी दहा मिनिटं तसंच ठेवलं आणि वरचं पाणी ओतून घेतलं, तळाचा गाळ घेतला नाही, या वेळेस लागलं नाही. सव्वा किलो पाक झाला, रंग मधासारखा. चोथा शेजारच्या गल्लीतल्या म्हशींना गेला, थोडा थालीपिठात घातला, सालं दातात येतात पण चव चांगली.

पंचावाले दादा, रागावू नका, चक्का अजून पंचातच बांधते.

पंचाच_बरा

रागवायचं काय त्यात, मला सुताचं फुगणं माहिती नव्हतं. आमच्याकडे पाडव्याला नऊ-दहा लिटर दुधाचं श्रीखंड असतं, तेव्हा पंचाच. पण नाचणीचं सत्व गाळायला तासन्‌तास जातो आईचा, तिला अशी एक लहान पिशवी शिवून द्यावी म्हणतोय. त्याला हेच कापड चालेल का अजून बारीक लागेल?

माग_पूर्वभाग

सत्वाला याच्यातून पांढरं पाणी खाली उतरलं पाहिजे आणि कोंडा वर राहिला पाहिजे, म्हणजे हेच बरोबर आहे. अजून बारीक घेतलंत तर सत्वच अडेल. वर्षाला एक-दोनदा करणार असाल तर पडद्याचं घ्या. रोजचं असेल तर स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानाच्या दुकानात बोल्टिंगचं कापड मिळतं, एकेरी जाड धाग्याचं पॉलिस्टर, महाग आहे पण त्याला काहीच चिकटत नाही, झटकलं की साफ. फक्त कोरं घ्या, शाई लागलेलं वापरलेलं कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

ताई, गढूळ साय येणारच, ती पिठाची बारीक भुकटी आणि प्रथिनं आहेत, तुम्ही निवळी घेतली ते बरोबर केलं. पिशवी वापरल्यावर लगेच उलटी करून वाहत्या पाण्याखाली धुवा, चोथा वाळला की शिवणीत बसतो. साबण नको, कंफर्टसारखं मऊ करायचं औषध तर अजिबात नको. पिळून सावलीत वाळत टाका, तासाभरात कोरडी होईल.

शिलाईकाकू_विजापूररोड

उरलेल्या तुकड्याची मटकीची पिशवी केलीस का नाही गं? आणि पुढच्या वेळेस तीन किलो लावणार असशील तर आधी मला शिवणीचा फोटो पाठव, तळाची टीप मला बघायचीय.

जुळेसोलापूर_किचन

केली काकू, आजच मटकी बांधलीय त्यात. फोटो संध्याकाळी टाकते, उजव्या कोपऱ्यात एक टीप सुटल्यासारखी वाटतेय मला, तिथे परत मारू का पूर्ण उसवून करू ते बघून सांगा. उरलेलं दोन किलो रविवारी लावायचंय.